डुबुक

महिन्याच्या पहिल्या रविवारी
माझा बाप जमिनीचं ऐकायला जातो.
खालच्या रानात सात प्लास्टिकचे नळ उभे पुरलेत,
प्रत्येकाच्या डोक्यावर बियरचा रिकामा डबा, पालथा.
डबा काढायचा,
टेपच्या टोकाचं पोकळ वजन आत सोडायचं
आणि बोलायचं नाही.
कुत्र्यानेसुद्धा.

खाली कुठेतरी: डुबुक.

‘एक मीटर दहा,’ बाप म्हणतो,
नर्सने ताप सांगावा तसा.
मी वहीत लिहिते.

त्याच्या बापाने, मर्व्हिन ट्रेवेनाने,
दोन ट्रॅक्टरांमध्ये जहाजाची साखळी ताणून
एका उन्हाळ्यात नऊशे एकर झाडी झोपवली होती.
सरकारचीच अट होती: तोडा, नाहीतर जमीन परत करा.
फोटो आहे, हॉलमध्ये. आजोबा हसतायत,
मागे आकाश आहे, आणि दुसरं काहीच नाही.

गहू आला. चांगला आला.
पण गव्हाची मुळं पाहुण्यासारखी,
चार महिने राहतात, वरवरचं पितात, निघून जातात.
झाडं जे खोल पीत होती
ते प्यायला कोणी उरलं नाही.
पाणी इंच इंच वर चढलं,
आणि वाऱ्याने हजारो वर्षं आणून टाकलेलं मीठ
कडेवर घेऊन आलं.

पहिला डाग ताटाएवढा होता.
आई म्हणाली, दंव गोठलं असेल.
बाप म्हणाला, डिसेंबरात?

जखमेवर मीठ चोळतात म्हणे लोक.
आमच्याकडे जखमेनेच ते वर आणलं.

सॉल्टबुशची रोपं मी आणली, अकरा हजार,
तेव्हा बाप तीन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.
गव्हाच्या रानात झुडपं लावायची
म्हणजे हरल्याची पाटी लावण्यासारखंच.
शेजारचा ड्युएन कुंपणाला टेकून म्हणाला,
‘नेरिडा, बागकाम का?’
मी रांगा मोजत राहिले.

पान राखाडी, धूळ बसल्यासारखं.
भिंगातून पाहिलं तर धूळ नाही,
बारीक बारीक फुगे,
प्रत्येकात चिमूटभराचाही कण नसलेलं मीठ,
झुडपाने अंगाबाहेर ठेवलेलं.
चाटलं तर जीभ आक्रसते.

मार्चमध्ये गव्हाची खुंटं संपली, गवताचा भाव विचारवेना,
तेव्हा फाटक उघडलं.
मेंढ्या आत गेल्या आणि उभ्याच राहिल्या,
लग्नाच्या पंगतीत
ओळखीचं कोणी नसलेल्या माणसांसारख्या.
तिसऱ्या दिवशी एका म्हातारीने सुरुवात केली,
फाटका कान, पिवळा बिल्ला.
मग सगळ्याच.

आणि मग तहान!
चरायच्या आणि हौदाकडे धावायच्या,
चरायच्या आणि हौदाकडे.
मला वाटलं होतं, खारं पाणी आपलं आपणच फिटतंय.
पण खारं खाणाऱ्याला गोडं पाणी लागतं, दुप्पट,
शिवाय जवाचा पेंढा टाकावा लागतो मधे मधे;
नुसत्या मिठावर कोणाचं पोट भरत नाही.
दोन किलोमीटर नळ ओढला मी, कर्जाने.
वहीत हे लिहायला रकाना नाही.

खाल्ल्या मिठाला मेंढ्या जागतात का, ठाऊक नाही.
त्यांनी वजन टाकलं नाही, एवढंच सांगते.
आणि संध्याकाळी
बाप फाटकाशी थांबून त्यांचं चरणं ऐकत होता,
ड्युएनला दिसणार नाही अशा बाजूला.

आज पुन्हा रविवार. सातवा वर्षं झालं तसाच,
चाळीस सेंटिमीटर, त्याच्याभोवती काही उगवत नाही.
आम्ही तो उरकतो आणि तिसऱ्याकडे येतो,
झुडपांच्या मधोमध असलेल्या.
बापाचा डावा कान गेलाय आता,
म्हणून टेप त्याच्या हातात आणि ऐकायचं मी.

एक दहा.
एक वीस.
‘वाजलं?’
‘नाही.’
‘माझं सोड. तुला?’
‘मलाही नाही.’
कुत्रा आमच्याकडे पाहतोय.
टेप अजून सुटतेय.